पासिंगपुरती ओरिजिनल

प्रश्न : मी हडपसरला राहते. आमची पेट्रोल स्विफ्ट २०११ च्या अखेरीला घेतलेली, नोंदणी माझ्या नावावर. मला गाडी चालवता येत नाही. मिस्टर नोकरीमुळे नागपूरला असतात, त्यामुळे गाडी पूर्णपणे मुलाच्या ताब्यात. वय चोवीस, स्वतःच्या पगारातून गाडीवर खर्च करतो, म्हणून फार बोलता येत नाही. त्याने मोठे टायर आणि अलॉय लावले, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, सायलेन्सर बदलला, पुढे लोखंडी गार्ड आणि त्यावर एलईडीची पट्टी, हेडलाइटला पांढरेशुभ्र बल्ब, काचांना काळी फिल्म, बॉनेट आणि टपाला मॅट काळं रॅपिंग. पेट्रोल परवडत नाही म्हणून ओळखीच्या गॅरेजमधून सीएनजी किटही बसवून घेतलं. त्याची पावती नाही आणि आरसीवर अजून पेट्रोलच आहे. सोसायटीच्या गेटातून वळताना चाक आत कुठेतरी घासल्याचा आवाज येतो, पण मुलगा म्हणतो तसं होतंच.

आता आरसीची पंधरा वर्षं संपत आलीत. एजंट म्हणाला, ‘काकू, टेन्शन घेऊ नका. पासिंगच्या दिवशी ओरिजिनल टायर आणि सायलेन्सर टाकून आणा, गार्ड काढा, संध्याकाळी परत लावा. गॅसचं मी मॅनेज करतो.’ मुलाच्या मते सगळे असंच करतात, आणि काळ्या फिल्मला तर कोर्टानेच परवानगी दिलीय. शेजारचे गृहस्थ म्हणतात, कोर्टाने सगळ्याच मॉडिफिकेशनला बंदी घातलीय, टेप बदलला तरी दंड होतो. खरं काय? काय काढावं, काय ठेवता येईल? काही झालं तर जबाबदारी कोणाची? गाडी मुलाच्या नावावर करून टाकली तर मी सुटेन का?

उत्तर : ताई, जबाबदारीचं आधी सांगतो, कारण पत्रात तुम्ही तो प्रश्न जवळजवळ शेवटी टाकलाय. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दलची शिक्षा कायद्याने गाडीच्या मालकाला सांगितली आहे, आणि आरसीवर नाव तुमचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असं लिहिलंय. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचून तुमच्या पत्रातली यादी मोजली तर आकडा कुठे जातो, ते तुम्हीच बघा. रस्त्यावर एवढी मोजदाद करत कोणी बसत नाही, हेही खरं. पण अपघात झाला, कोणी जखमी झालं, की कागद काढून मोजदाद करणारे बरेच जण निघतात, आणि तेव्हा ‘मला गाडी चालवता येत नाही’ हे उत्तर पुरत नाही.

आता कोर्टाचं. शेजारच्यांनी निम्मं ऐकलंय आणि चिरंजिवांनी उरलेलं निम्मं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९ जानेवारी २०१९ चा, केरळमधून गेलेल्या प्रकरणातला. गाडीची मूळ बांधणी मालकाला हवी तशी बदलता येते का, हा वाद होता. केरळ उच्च न्यायालयाने बरीच मोकळीक दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली. कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ त्यांनी सरळ लावला : उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदल्या गेलेल्या तपशिलांशी गाडी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणजे इंधन, बॉडीचा प्रकार, आसनं, इंजिन वगैरे. टेप बदलणं, सीटकव्हर घालणं, मागे कॅमेरा बसवणं यांचा या निकालाशी काही संबंध नाही. शेजारच्यांना निर्धास्तपणे गाणी ऐकायला सांगा. फक्त टेप बसवणाऱ्याने कंपनीची वायर मधेच कापून चिकटपट्टी गुंडाळलेली नसावी. जुन्या गाड्यांना आगी लागतात त्या पुष्कळदा अशाच जोडांवरून.

कंपनीचे तपशील एवढे पवित्र का, असं मुलगा विचारेल. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना एआरएआयचं, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचं, आवार बाहेरून तरी माहीत असतं. नव्या मॉडेलचा नमुना विक्रीला येण्याआधी या संस्थेत किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ क्रमांकाचा नियम तो हाच. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, स्टिअरिंग हे सगळं विशिष्ट टायर, विशिष्ट स्प्रिंग, विशिष्ट बल्ब लावलेल्या गाडीवर तपासलेलं असतं. तुमची गाडी रस्त्यावर आली ती त्या नमुन्याची प्रत म्हणून. पंधरा वर्षांनी आरटीओत पासिंगला नेता तेव्हा कोणी तिचं डिझाइन नव्याने तपासत नाही. ती प्रत अजून प्रत राहिली आहे का आणि झिजून निकामी तर झाली नाही ना, एवढंच पाहिलं जातं. मधे कोणी डिझाइनच बदललं असेल, तर त्या तपासणीला धरायला काही राहत नाही.

एजंटचा सल्ला म्हणूनच बोगस आहे. तुम्ही एक गाडी दाखवणार, पुढची पाच वर्षं चालणार दुसरी, आणि ती दुसरी कधीच कोणी तपासलेली नसेल. त्यात ओरिजिनल टायर आणि सायलेन्सर बदलता येतात, कापलेल्या स्प्रिंगा एका दिवसापुरत्या कशा सांधणार? त्या त्याच्या यादीत नाहीत, कारण त्या सहसा पकडल्या जात नाहीत एवढंच त्याला ठाऊक आहे. पण पकडल्या जाऊही शकतात, वेगळ्याच नावाने. गाडी खाली बसवली की चाकांचे कोन बदलतात आणि अलाइनमेंट बिघडतं. मग साइडस्लिपच्या प्लेटवरून गाडी हळू नेली की चाक बाजूला किती सरकतंय ते मशीन दाखवतं. पुढचा-मागचा तोल बदलला असेल तर हेडलाइटची नजरही वर-खाली होते, आणि ती लाइट टेस्टरवर दिसते. स्वयंचलित केंद्रांसाठीचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. तिथे रोलरवर चाकं फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक आणि डाव्या-उजव्यातला फरक मोजतात, चाकाखालच्या प्लेटा हलवून खालून स्टिअरिंगच्या सांध्यांचा खुळखुळेपणा बघतात. तुमच्या गाडीची तपासणी अशा केंद्रात होईल की इन्स्पेक्टर स्वतः बघेल, हे अपॉइंटमेंट घेताना कळेल. दोन्हींत हातचलाखीला वाव आहेच. ब्रेक तपासायला आरटीओकडे अडीचशे मीटरचा ट्रॅक हवा, एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपल्याकडे उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली होती. एजंटांचा आत्मविश्वास कुठून येतो, हे त्यावरून समजावं.

आणि पासिंग हे मुळात खालचं टोक आहे. रोलरवर ब्रेक पास झाला याचा अर्थ तो ब्रेक आहे. पाच माणसं आणि गॅसचा सिलिंडर घेऊन खंबाटकी उतरताना काय होईल, हे तो रोलर सांगत नाही.

इथून पुढे तुमची यादी. पण तुम्ही लिहिलेल्या क्रमाने नको, जिवाला धोका ज्यात जास्त ते आधी.

पहिलं सीएनजी. आजपासून त्यात गॅस भरणं बंद. हे एकच वाक्य या उत्तरातून उचललंत तरी चालेल. सीएनजीचा सिलिंडर भरलेला असतो तो २०० बार दाबाने. तुमच्या टायरमध्ये असतो साधारण दोन बार. पावती नसलेल्या किटमध्ये तो सिलिंडर कुठून आला, नवा की भंगारातला, कधी तपासलेला, हे कोणालाच माहीत नाही. डिकी उघडा आणि मुलाला सोबत घेऊन तीन गोष्टी बघा. सिलिंडरच्या मानेजवळ आकडे ठोकलेले असतात : अनुक्रमांक, बनवल्याची तारीख, दाबाखालच्या चाचणीची तारीख. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिलाच सगळे हायड्रो टेस्ट म्हणतात. आकडे नाहीत, घासलेले आहेत किंवा रंगाखाली गेलेत, तर पुढचं काही बघायची गरज नाही. दुसरं, व्हॉल्व्हभोवती हवाबंद आवरण हवं आणि त्यातून नळी गाडीच्या बाहेर, खाली गेलेली हवी. गळती झाली तर गॅस डिकीत न साठता बाहेर जावा म्हणून ती असते. स्वस्तात किट बसवणारे पहिली काटछाट इथेच करतात, कारण त्याने गाडी चालायची थांबत नाही. तिसरं, सिलिंडरचे पट्टे कशाला धरलेत ते खालून बघा. नुसत्या डिकीच्या पातळ पत्र्याला चार बोल्ट मारलेले असतील, तर मागून धडक बसल्यावर तो पन्नास-साठ किलोचा पोलादी ऐवज मागच्या सीटच्या पाठीत येतो.

हे किट आता कागदावर चढवता येईल का? जवळजवळ नाहीच. कायद्याने सीएनजीला वाट ठेवलेली आहे : त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं किट, परिवहन विभागाने अधिकृत केलेला बसवणारा, त्याचं प्रमाणपत्र, सिलिंडरचे कागद, मग आरसीवर इंधनाचा बदल. ही साखळी बसवण्याच्या दिवसापासून सुरू होते. गॅरेजवाल्याला दोन दिवस देऊन कागद मागा. आले तर किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडे तपासून घ्या. नाही आले तर किट काढा आणि परवडत असेल तर नवं, रीतसर बसवा. फक्त एक विचार करा. पंधरा वर्षांच्या गाडीवर तेवढा खर्च काढायला तुमचं रोजचं रनिंग किती आहे? मुलगा हडपसरहून रोज हिंजवडीला जात असेल तर हिशोब बसेल. आठवड्यातून एकदा सासवडला जाणाऱ्या गाडीला पेट्रोल पुरे. रीतसर बसवलं तर विमा कंपनीलाही कळवा. पॉलिसीत बायफ्युएल (दोन इंधनांच्या) किटची नोंद होते, थर्ड पार्टीच्या भागात साठ रुपये आणि स्वतःच्या नुकसानीच्या भागात किटच्या किमतीवर थोडा प्रीमियम वाढतो. एवढ्यासाठी लोक ती नोंद करत नाहीत आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला डिकीतला सिलिंडर दिसतो. तिसऱ्या माणसाचं नुकसान बहुधा विमा कंपनी भरून देते, कधी नंतर मालकाकडून वसूलही करते. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या क्लेमवर मात्र पहिला वाद इथूनच सुरू होईल.

दुसरं, स्प्रिंगा आणि टायर, ही जोडी एकत्रच बघायची. तो घासण्याचा आवाज तिचाच. कॉइल स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती आखूड होते आणि कडकही. वर तिचं कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लटकतं तेव्हा स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गाडी पूर्ण भरली की चाकाला वर जायला जागाच उरत नाही. तुमच्याकडे तर मागे सिलिंडरचं वजन कायमचं बसलेलं. त्यावर मोठे टायर. तुमची स्विफ्ट व्हीएक्सआय आवृत्तीची असेल तर तिला कंपनीने १६५/८० आर १४ दिलेत. हिशोब सोपा आहे. १६५ मिलिमीटर रुंदीचे ऐंशी टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, ही टायरची उंची, ती वरून आणि खालून दोनदा, अधिक चौदा इंच रिमचे ३५६. चाकाचा व्यास झाला ६२० मिलिमीटर. त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआय आवृत्तीला कंपनीच १८५/६५ आर १५ देत होती. त्याचा हिशोब करा, ६२१ येतो. रिम मोठी, टायर रुंद, पण व्यास जवळपास तोच. कंपनीने आकडा उगाच जुळवलेला नाही. मीटर, गिअरिंग, ब्रेक, फेंडरमधली मोकळी जागा सगळं त्या व्यासावर बेतलेलं असतं. आता मुलाच्या टायरच्या कडेवर काय छापलंय ते वाचा. समजा २०५/६५ आर १५ असेल, तर व्यास ६४७ च्या पुढे जातो, म्हणजे साडेचार टक्क्यांनी मोठा. मीटर तेवढा कमी वेग दाखवणार आणि चाक आतल्या प्लास्टिकला घासणार. घासून घासून टायरची कड सोलवटली की तो फुटायला हायवेच निवडतो. ‘तसं होतंच’ हे चिरंजिवांचं म्हणणं बरोबर नाही. टायर घासतोय याचा अर्थ तो चुकीचा आहे.

स्प्रिंगा चारही नव्या, कंपनीच्या घ्या. कापलेली स्प्रिंग दुरुस्त होत नाही. कापलेल्या स्प्रिंगांवर चाललेले शॉकअबही तपासून घ्या, एखादा गेलेला असेल. मुलाला अलॉयचा सोस राहूच दे, तोंडी लावायला काहीतरी हवं. १८५/६५ आर १५ च्या मापाचे, मडगार्डच्या बाहेर न येणारे, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) कंपनीच्या टायरपेक्षा कमी नसलेले टायर घातले की गाडी दिसतेही बरी आणि कंपनीने त्या मॉडेलला स्वतः दिलेल्या मापात राहते. रिम बाहेर काढण्यासाठी मधे स्पेसर टाकले असतील तर ते काढा.

आता पुढचा लोखंडी गार्ड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून असे बुलबार कलम ५२ चं उल्लंघन ठरवले. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गाडीचं नाक चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं, धडकेचा जोर तिथे जिरावा म्हणून. त्यापुढे लोखंडी पाइप लावून तो चॅसीला बोल्ट केला की जोर थेट आत येतो. एअरबॅग असेल तर तिच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. आणि समोरच्या पायी माणसाच्या मांडीला बंपरऐवजी पाइप लागतो. गार्डसोबत एलईडीची पट्टीही उतरेल, ते बरंच. समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नियम १११ ने मनाई केलेली आहे, खास कारण आणि परवानगी असेल तेवढं सोडून.

हेडलाइटच्या पांढऱ्या बल्बांबद्दल लोकांचा समज असा की वॉट जास्त म्हणून ते डोळ्यांवर येतात. खरी गडबड जागेची आहे. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये प्रकाश नेमक्या एका बिंदूतून निघाला तरच समोर सरळ कड पडते. एलईडीचे ठिपके त्या बिंदूवर नसतात, म्हणून प्रकाश चहूकडे सांडतो. चालवणाऱ्याला सगळं लख्ख दिसल्यासारखं वाटतं, समोरचा आंधळा होतो. नियम १०६ मध्ये याचं मापच दिलंय : दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिवा दिपवणारा नसावा. हे काम मुलाला द्या. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन आठ मीटर मोजायचे, गाडी चालू ठेवून स्वतः तिथे उभं राहायचं, डोळे दीड मीटरवर येतील इतकं वाकून दिव्याकडे बघायचं. आधी त्याचे बल्ब लावून, मग कंपनीचे हॅलोजन लावून. तुम्ही किंवा मी सांगण्यापेक्षा हे लवकर पटेल. २०११ च्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडलेल्या असणार, त्या पॉलिश करून घेतल्या की हॅलोजनचाही उजेड पुष्कळ वाढतो. खर्च फार नाही आणि कोणाचीही परवानगी लागत नाही.

सायलेन्सर बदलताना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवलाय की काढून टाकलाय, हे गॅरेजला विचारा. आवाजासाठी तो काढायची फॅशन आहे. पुण्यात एप्रिल २०१० पासून धुराचे बीएस चार निकष लागू होते, त्यामुळे तुमच्या गाडीला पीयूसीत आयडलवर (उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत दाखवावं लागतं. कन्व्हर्टर नसेल तर प्रामाणिक मशीनवर ते जमणं कठीण. अप्रामाणिक मशीनचा पत्ता एजंटला माहीत असेलच. जुना सायलेन्सर घरी असेल तर तोच परत लावा.

काळ्या फिल्मची भानगड जरा गुंतागुंतीची आहे, आणि तुमच्या मुलाचं इथे अगदीच चुकलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला काचांवर फिल्म लावायलाच बंदी केली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जाईल अशा काचा कंपनीनेच दिलेल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ. पुढे नियम १०० बदलला, सुरक्षा काचेच्या व्याख्येत प्लास्टिकची फिल्म लावलेली काचही आली. त्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरलेल्या टक्क्यांच्या आतल्या फिल्मला हरकत नाही असं म्हटलं. मुलाच्या कानावर तेच आलं असणार. पण त्या निकालातही ७० आणि ५० कायम आहेत. त्याच्या फिल्ममधून दुपारी बाहेर उभं राहून आत बसलेला माणूस ओळखू येतो का? पत्रात तुम्ही ‘काळी’ लिहिलंय, त्यावरून उत्तर दिसतंच आहे. काढा. तपासणीच्या दिवशी केरळचा निकाल इन्स्पेक्टरला समजावून सांगायची हौस कोणाला असेल तर ती वकिलांना.

बॉनेट-टपाच्या रॅपिंगवरून सहसा कोणी अडवत नाही. पूर्ण गाडीचा रंग बदलला असता तर आरसीवर नोंद लागली असती. तरी पासिंगला रंगावरून वाद नको, हेअर ड्रायरने गरम करून सोलून टाका. उन्हाळ्यात भाजलेलं जुनं रॅपिंग कधी कधी खालचा रंग घेऊन येतं, तेवढी तयारी ठेवा.

कागदांचं थोडक्यात. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. झालं की पुढे पाच वर्षं. चारचाकीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं (वीस वर्षांच्या वरच्या गाड्यांचं २०२५ मध्ये आणखी दुप्पट केलं), आणि उशीर केला तर दरमहा पाचशे. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी चालू हवा, ई-चलनं भरलेली हवीत, आणि गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलेली हवी, नाहीतर काम अडतं. आरसी संपलेली गाडी रस्त्यावर म्हणजे नोंदणीच नसलेली गाडी, त्यामुळे मुदत चुकवू नका, आणि स्प्रिंगा यायला वेळ लागलाच तर तोवर गाडी घरी उभी ठेवा. तपासणीत काही राहिलं तर दुरुस्त करून पुन्हा नेता येतं. नापास व्हायची भीती बाळगून एजंट धरू नका.

चिरंजिवांच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. आपला कायदा या बाबतीत कागदावर कडक आणि रस्त्यावर गैरहजर आहे. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. जर्मनीत पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, आणि तिथे मान्यताप्राप्त स्प्रिंगा किंवा रिम घेतल्या तर तपासणारा त्या बघून कागदावर चढवतो, माणूस उघडपणे हौस भागवतो. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं पीयूसीशिवाय कोणी हात लावत नाही, आणि चांगल्या दर्जाची स्प्रिंग विकत घेऊन रीतसर नोंदवायची म्हटलं तर सामान्य मालकाला खिडकीच नाही. मग बाजीराव रोडच्या दुकानातून आणलेली चांगली वस्तू आणि कापलेली स्प्रिंग कायद्याच्या नजरेत एकाच पंक्तीला बसतात. पोरं असल्या कायद्याला भीक घालत नाहीत याचं मला आश्चर्य वाटत नाही. हे बदलायला हवं. पण ते बदलेपर्यंत तुमच्या गाडीत तो सिलिंडर ठेवायचा, असं त्यातून निघत नाही.

त्याला खरंच गाडीचं वेड असेल तर पैसे जिथे उपयोगी पडतात तिथे घालू दे. चांगल्या कंपनीचे ब्रेक पॅड, नवं ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग. पंधरा वर्षांच्या स्विफ्टला एवढं केलं की ती वळणावर पहिल्यासारखी धरते, आणि त्याला वाटत होतं की हे गाडी खाली बसवूनच मिळतं. वेगाची खाज असेल तर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर रीतसर शिकता येतं. तिथली गाडी तिथलीच असते, आरसीचा प्रश्न येत नाही.

काढलेल्या सामानापैकी अलॉय विकले जातील, एलईडीचे बल्बही कोणी घेईल. सिलिंडर आणि गार्ड विकू नका. पहिला कोणाच्या तरी डिकीत जाईल आणि दुसरा कोणाच्या तरी नाकावर.

राहिला मुलाच्या नावावर करण्याचा प्रश्न. आधी सगळं उतरवून नूतनीकरण, मग नावबदल. उलट क्रमाने केलंत तर एजंटला दोन कामं मिळतील. फॉर्म २९ आणि ३० लागतात. देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं, आणि विम्यावरचं नावही चौदा दिवसांत बदलून घ्या. आरसीवर त्याचं नाव चढेपर्यंत मालक तुम्हीच, घरात काहीही ठरलेलं असलं तरी. ते चढल्यावर पुढच्या बदलांचे पाच-पाच हजार त्याने भरायचे. आधी केलेल्यांबद्दल कोणी विचारलं तर मालक तुम्ही होतात, म्हणून सामान उतरवल्याची आणि नव्या स्प्रिंगांची बिलं तुमच्या नावाने घ्या आणि फाइलला लावा.